जुन्या फोर-व्हील जीपची ‘नकल’ कोरडी तर नाही ना? पावसाळ्यानंतर एवढं तपासाच

पाऊस उघडला, भात कापणीला आलं, की गावोगावच्या जुन्या जीप पुन्हा कामाला लागतात. चार महिने चिखलातून आणि ओढ्यातून गेलेली गाडी धुतली जाते, इंजिन ऑइल बदललं जातं, ग्रीसगन घेऊन दिसेल त्या निपलला ग्रीस मारलं जातं. गाडी तयार झाली असं मालक समजतो.

पण फोर-व्हील जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांमागे एक-एक बंद डबा असतो. त्याला निपल नसतो, नुसता एक बूच असतो. निपल नाही म्हणून ग्रीसगन तिथं पोचत नाही, आणि बूच चिखलाखाली झाकलेला म्हणून तो कुणाला दिसत नाही. कित्येक गाड्यांचा हा बूच वर्षानुवर्षं उघडलेलाच नसतो.

या डब्याला इंग्रजीत स्टिअरिंग नकल म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं नकल. स्टिअरिंग जड होणं, वळण घेतल्यावर चाक आपोआप सरळ न येणं, ठरावीक वेगाला पुढची चाकं थडथडणं, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाणं, या तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथंच असतं. घाटात उतरताना यातली एकही तक्रार परवडणारी नाही.

कोणत्या गाड्यांना हे लागू आहे?

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलीज जीपला असा बंद नकलचा पुढचा अ‍ॅक्सल होता. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेली आणि १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झालेली कंपनी पुढे याच विलीज जीप मुंबईत जोडू लागली. त्यामुळे सीजे-३बी पासून एमएम-५४० पर्यंतच्या फोर-व्हील गाड्यांत हीच घडण चालत आली.

आपल्याकडची प्रत्येक जुनी जीप फोर-व्हील नसते. गाडीखाली वाकून बघा. पुढच्या चाकांच्या मधेही मागच्यासारखं डिफरन्शियल असेल, गिअरच्या दांडीशेजारी फोर-व्हीलची वेगळी दांडी असेल आणि चाकाच्या आतल्या अंगाला लोखंडी गुळगुळीत गोळा दिसत असेल, तर ही माहिती तुमच्या गाडीसाठी आहे. पुढे नुसता सरळ लोखंडी बीम असेल तर गाडी टू-व्हील ड्राइव्हची आहे, तिला हा डबा नाही.

मारुती जिप्सीलाही असाच गोळा आहे. मात्र तिच्या आत वेगळ्या प्रकारचा जॉइंट असतो आणि तिथं ग्रीस डबा खोलूनच भरावं लागतं. २०१० नंतरच्या थारची पुढची रचना पूर्ण वेगळी आहे, तिला हा प्रश्न येत नाही.

डब्यात असतं तरी काय?

पुढच्या चाकाला एकाच वेळी दोन कामं करायची असतात. इंजिनची ताकद घेऊन फिरायचं आणि स्टिअरिंगप्रमाणे डावी-उजवीकडे वळायचंही. म्हणून अ‍ॅक्सलच्या नळीच्या टोकाला लोखंडी पोकळ गोळा असतो आणि त्या गोळ्यावर नकलचा डबा टोपीसारखा बसलेला असतो. खांद्याचं हाड जसं खोबणीत फिरतं, तसाच हा प्रकार.

गोळ्याच्या आतून चाकाकडे जाणारा शाफ्ट जातो. चाक वळलं की त्यालाही वाकावं लागतं, म्हणून त्यात मधोमध एक जॉइंट असतो. आपल्याकडच्या जीपमध्ये तो बहुधा क्रॉसचा असतो.

डबा गोळ्यावर वळतो तो दोन किंगपिनांवर, एक वर आणि एक खाली. दार जसं वरच्या आणि खालच्या बिजागरीवर फिरतं, तसंच हे. प्रत्येक किंगपिनला एक बेअरिंग असतं. डब्याच्या मागच्या अंगाला गोळ्याभोवती फेल्ट आणि ऑइल सील अर्ध्या-अर्ध्या पट्ट्यांनी बोल्टने आवळलेलं असतं. आतलं वंगण आत ठेवायचं आणि बाहेरचा चिखल बाहेर, एवढंच त्याचं काम.

म्हणजे बूच उघडून जे वंगण आपण भरतो ते एका शाफ्टच्या जॉइंटला आणि दोन किंगपिन बेअरिंगांना पुरवायचं असतं. अडचण अशी की ही तिन्ही ठिकाणं वेगवेगळ्या उंचीवर आहेत. वंगण कमी पडलं की वरचं बेअरिंग कोरडं पडतं. पाणी शिरलं की ते ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि खालचं बेअरिंग गंजतं. वरून काहीच दिसत नाही. स्टिअरिंग जड झालं की मालक स्टिअरिंग बॉक्सला दोष देतो आणि तिथले नट आवळत बसतो.

ग्रीस भरायचं की ऑइल?

यावर गॅरेजवाल्यांत एकमत नसतं आणि गाडीगाडीत फरकही आहे. जुन्या सिरीज लँड रोव्हरच्या गोळ्यात गिअर ऑइल भरलं जातं. जुन्या टोयोटा लँड क्रूझरमध्ये मोलिब्डेनम असलेलं ग्रीस भरतात. तुमच्या जीपचं मूळ पुस्तक हाताशी असेल तर त्यात जे लिहिलंय तेच पहिलं प्रमाण माना.

पुस्तक नसेल तर दोन्ही टोकांचे तोटे समजून घ्या. साधं व्हील बेअरिंगचं घट्ट ग्रीस लोण्यासारखं असतं, जिथं ठेवलं तिथंच बसतं. शाफ्ट फिरला की तो ग्रीसमध्ये आपल्यापुरती पोकळी करून घेतो, ग्रीस डब्याच्या भिंतींना चिकटून राहतं आणि वरच्या बेअरिंगपर्यंत जात नाही. डबा भरलेला दिसतो आणि बेअरिंग उपाशी राहतं.

नुसतं ९० नंबरचं गिअर ऑइल भरलं तर ते सगळीकडे पोचतं खरं, पण जुन्या फेल्टमधून रात्रीत झिरपतं आणि टायरच्या आतल्या बाजूला ओघळ येतात.

म्हणून मधला मार्ग घेतला जातो, अर्धपातळ वंगण. बाजारात एनएलजीआय ०० नंबरचं पातळ ग्रीस मिळतं, ते या कामाला चांगलं. ते मिळालं नाही तर चांगल्या लिथियम ग्रीसमध्ये १४० नंबरचं गिअर ऑइल थोडं थोडं घालून घोटतात. दाट काकवीसारखं व्हायला हवं. काडी बुडवून उचलली की तार धरत सावकाश खाली आलं पाहिजे. काडीला गोळा चिकटून राहिला तर फार घट्ट, पाण्यासारखं गळालं तर फार पातळ.

एक काळजी घ्या. वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकमेकांत मिसळू नका. काही ग्रीस एकत्र आली की फुटून पातळ होतात, काही घट्ट होऊन बसतात. आत आधी काय भरलंय हे माहीत नसेल तर जुनं शक्य तेवढं काढूनच नवीन भरा.

बूच उघडण्याआधी

गाडी सपाट जागेवर लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढचा भाग जॅकने उचलायचा असेल तर अ‍ॅक्सलखाली पक्के स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

बूच शोधा. तो डब्याच्या अंगावर असतो, काही गाड्यांत चौकोनी डोक्याचा तर काहींत आत खाच असलेला. उघडण्याआधी तारेच्या ब्रशने आणि डिझेलच्या बोळ्याने आजूबाजूचा चिखल पूर्ण काढा. हे टाळलं तर बूच निघताक्षणी माती आत पडेल, आणि ग्रीसमध्ये मिसळलेली माती म्हणजे बेअरिंगला पॉलिश पेपर.

बूच अडकला असेल तर छिन्नी-हातोड्याने मारू नका, डोकं गोल होऊन बसतं. गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी बरोबर मापाच्या पान्याने सोडवा.

आतला रंग काय सांगतो?

बूच निघाला की स्वच्छ तार वाकवून आत घाला आणि काय लागतं ते बघा.

काळपट, पण तेलकट आणि मऊ असेल तर वंगण जुनं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. भर घाला किंवा बदला.

साबणासारखं कोरडं, गोळे झालेलं असेल तर त्यातलं तेल निघून गेलंय. वरून भर घालून उपयोग नाही, नकल खोलून धुवावी लागेल.

दुधाळ किंवा चहासारखा रंग म्हणजे पाणी शिरलंय. हेही वरून भरून झाकायचं नाही. पाणी तळाशी राहील आणि खालचं बेअरिंग खात बसेल.

पातळ, उग्र वासाचं ऑइल बूच उघडताच वाहू लागलं आणि तुम्ही मागे ग्रीस भरलं होतं, तर डिफरन्शियलचं ऑइल नळीतल्या आतल्या सीलमधून नकलमध्ये येतंय. अशा वेळी लगेच डिफरन्शियलची पातळी तपासा, कारण इथं वाढलेलं ऑइल तिथलं कमी झालेलं असतं. मालक नकल गळते म्हणून बाहेरचं फेल्ट बदलत राहतो आणि तिकडे डिफरन्शियल कोरडं पडत जातं.

याच ठिकाणी आणखी एक बारीक गोष्ट बघा. अ‍ॅक्सलच्या वरच्या अंगाला हवा जायला छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला तर गाडी चालून गरम झाल्यावर आत दाब तयार होतो आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जातं. नवीन सील टाकूनही गळती थांबत नसेल तर आधी ब्रीदर साफ करा. खर्च काहीच नाही.

भरायचं कसं?

वंगण बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरायचं. त्याच्या वर नाही. ठासून भरलं तर ते गरम होऊन फुगतं आणि फेल्टमधून किंवा चाकाच्या बाजूने वाट काढतं.

तोंडाला रबरी नळी लावलेली ग्रीसगन किंवा ऑइलचा हातपंप पुरतो. सावकाश भरा. थोडं भरलं की कुणाला तरी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवायला सांगा. अडकलेली हवा निघते आणि पातळी खाली बसते. पुन्हा भरा. दोन-तीनदा असं केलं की खरी पातळी कळते. मग बूच स्वच्छ पुसून घट्ट लावा. दुसऱ्या बाजूलाही हेच करा. एकच बाजू भरून गाडी बाहेर काढू नका.

भरल्यावर गाडी चार-पाच किलोमीटर चालवा. ज्या गाड्यांच्या चाकांना फ्री-व्हील हब आहे, त्यांनी हब लॉक करून, पण फोर-व्हीलची दांडी न टाकता चालवा. असं केल्याने पुढचे शाफ्ट फिरतात, वंगण उडून वरच्या बेअरिंगपर्यंत जातं आणि डांबरी रस्त्यावर गाडीवर ताणही येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टायरच्या आतल्या बाजूला ओघळ आहे का ते बघा.

हबवाल्यांनी हे महिन्यातून एकदा तरी करावं. हब कायम ‘फ्री’ ठेवला की पुढचे शाफ्ट फिरतच नाहीत. वंगण तळाशी निपचित पडून राहतं आणि वरचं बेअरिंग कोरडं होतं. डिझेल वाचवायला बसवलेला हब असा उलटा महागात पडतो. ज्यांना हब नाही, साधी फ्लँज आहे, त्यांचे शाफ्ट कायम फिरतात, त्यांना ही काळजी नाही.

खुळखुळा किंगपिनचा की चाकाच्या बेअरिंगचा?

वंगण भरूनही स्टिअरिंग थडथडत असेल तर झीज तपासावी लागते. पुढचं चाक जमिनीपासून थोडं उचला, अ‍ॅक्सलखाली ठोकळा द्या. टायर वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरा आणि आत-बाहेर हलवा. खुळखुळ जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा.

ब्रेक दाबल्यावर खुळखुळ गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिन सैल झालेत. टायर डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर ढिलं लागलं तर आधी टाय-रॉडचे एंड बघा.

किंगपिनच्या टोपीखाली शिम असतात, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या. त्या कमी-जास्त करून बेअरिंगचा आवळ बसवतात. हे काम अंदाजाने करू नये. शिम काढताना वरच्या आणि खालच्या बाजूचा तोल सांभाळावा लागतो, नाहीतर शाफ्टचा जॉइंट मध्यावर राहत नाही. फार आवळलं तर स्टिअरिंग जड होतं आणि बेअरिंग लवकर जातं. जुन्या जीपचा अनुभव असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्या, आणि शिम काढल्या की नवीन बेअरिंगशिवाय नुसतं आवळून देतोय का तेही विचारा. खड्डे पडलेलं बेअरिंग कितीही आवळलं तरी चार दिवसांत पुन्हा खुळखुळतं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. स्टिअरिंग आणि ब्रेक नीट नसतील तर तिथं अडचण येतेच. त्याआधी रस्त्यावर अडचण येऊ नये हे जास्त महत्त्वाचं.

ब्रेकचा धोका कुठून येतो?

नकलमधलं वंगण शाफ्टच्या कडेने चाकाच्या हबपर्यंत जाऊ शकतं. हबचं सील गेलेलं असेल तर तेच वंगण ब्रेक ड्रममध्ये उतरतं आणि लायनर भिजतं. मग एका बाजूचा ब्रेक लागतो, दुसऱ्या बाजूचा घसरतो. सपाट रस्त्यावर चालकाला स्टिअरिंग थोडं ओढल्यासारखं वाटतं. कसारा किंवा माळशेजसारख्या घाटात भरलेली गाडी उतरवताना तेच ‘थोडं’ गाडी कठड्याकडे नेतं.

ब्रेक एका बाजूला ओढत असेल तर ड्रम उघडून बघा. भिजलेलं लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नका. आत मुरलेलं तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येतं. लायनर दोन्ही बाजूंचे बदला आणि सील आधी बदला.

गोळा जपला तर सील टिकतं

बाहेरून दिसणारा गोळ्याचा भाग आरशासारखा गुळगुळीत असायला हवा. त्यावर गंजाचे खड्डे पडले की चाक वळताना ते फेल्टला कानशीसारखे घासतात. मग कितीही सील बदला, गळती राहणारच. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त. दिंडोरी-निफाडच्या बाजूला पाऊस कमी, पण धूळ फेल्टमध्ये बसून तेच काम करते.

यावर उपाय साधे आहेत. गाडी उभी करताना पुढची चाकं सरळ ठेवा. वळवून ठेवली तर गोळ्याची एक बाजू जास्त उघडी पडते आणि तीच गंजते. चिखलातून आल्यावर गोळ्यावरचा गाळ ओला असतानाच फडक्याने पुसा आणि बोटभर तेल फिरवा. धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट फेल्टवर मारू नका, पाणी आत ढकललं जातं. नदी-ओढ्यातून हब बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी काढली असेल तर दोन-चार दिवसांत बूच उघडून रंग बघा. गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

लक्षात ठेवायचं वेळापत्रक

रोजच्या वापरातली गाडी असेल तर महिन्यातून एकदा टायरच्या आतल्या बाजूला ओघळ आणि गोळ्यावर गंज बघा. इंजिन ऑइल बदलताना दर वेळी दोन्ही बूच उघडून पातळी बघा, त्याच वेळी डिफरन्शियलची पातळी आणि ब्रीदरही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, नकल खोलून आतलं सगळं डिझेलने धुवून घ्या, क्रॉस आणि चारही किंगपिन बेअरिंग तपासा, फेल्ट बदला आणि ताजं वंगण भरा. फेल्ट आणि सील दोन्ही बाजूंचं एकदमच बदला.

निघालेलं जुनं वंगण आणि धुतलेलं डिझेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. डब्यात साठवून ठेवा आणि गॅरेजच्या जुन्या ऑइलबरोबर द्या.

हे सगळं करायला जे वंगण लागतं त्याचा खर्च एका किंगपिन बेअरिंगच्या सेटपेक्षा कमी आहे. गॅरेजला गाडी सोडताना ‘सगळीकडे ग्रीस मार’ एवढं सांगून चालत नाही. ‘पुढच्या दोन्ही नकलचे बूच माझ्यासमोर उघड’ असं सांगा, आणि आतला रंग स्वतःच्या डोळ्यांनी बघा.